पेठेचा ठ गेला, पुण्याचा ण राहिला

पत्ता होता ‘बुधवार पेठ, पुणे’. स्क्रीनवर उमटला ‘बुदवार पेट, पुणे’. खोडून पुन्हा टाइप केला, तर बिनचूक आला. थोडं खाली गेल्यावर शनिवारचं ‘सनिवार’ झालं आणि थाळीची ‘ताली’. असा कीबोर्ड हाताखाली असला की माणूस आधी स्वतःच्या बोटांवर संशय घेतो, मग फॉन्टवर, मग व्हायरसवर. शेवटी ‘कधीही काहीही होतंय’ असं म्हणून कीबोर्डच बदलून टाकतो.

पण त्या चुकलेल्या पत्त्याकडे जरा टक लावून पाहा. ध चा द झाला, ठ चा ट झाला आणि पुण्याचा ण मात्र जागच्या जागी आहे. याला ‘काहीही’ म्हणता येणार नाही. ध चा मा झाल्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या या शहरात ध चा द कसा होतो, ही गोष्टही मला तितकीच सांगण्यासारखी वाटते.

हा पत्ता इन्स्क्रिप्ट मांडणीत लिहिला होता. या मांडणीत द आणि ध एकाच बटणावर असतात. नुसतं बटण दाबलं तर द, शिफ्ट धरून दाबलं तर ध. त-थ, ट-ठ, ग-घ, ज-झ, प-फ, ब-भ या सगळ्या जोड्या तशाच बसवल्या आहेत. त्यामुळे शिफ्ट बिघडली की भाषेतले महाप्राण निघून जातात: घराचं ‘गर’, झाडाचं ‘जाड’, भाताचं ‘बात’. इथवर सगळं जुळतं. पण ण सुद्धा शिफ्टवरच आहे. म च्या बटणावर, म्हणजे इंग्रजी सी वर, शिफ्ट धरली की ण मिळतो. शिफ्ट गेली असती, तर पुण्याचं ‘पुमे’ व्हायला हवं होतं. ते झालं नाही.

उत्तर टाइप करणाऱ्याच्या करंगळीत आहे. कीबोर्डवर शिफ्टची बटणं दोन असतात. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर शिकलेला माणूस उजव्या हाताच्या अक्षरासाठी डावी शिफ्ट दाबतो आणि डाव्या हाताच्या अक्षरासाठी उजवी. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली येतात, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताखाली. ध, ठ, थ, श, ळ ही सगळी उजवीकडची, म्हणून त्यांना डावी शिफ्ट लागते. ण चं बटण डाव्या हाताखाली आहे, त्याला उजवी. म्हणजे बिघाड फक्त डाव्या शिफ्टमध्ये आहे. पडताळायचं असेल तर दोन्ही शिफ्ट रीतसर वापरत ‘आई’ आणि ‘फळ’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा लिहून पाहा. ‘आई’ दर वेळी नीट येईल, कारण आ आणि ई दोन्ही डाव्या हाताखालचे. ‘फळ’ मात्र मधूनच ‘पल’ होईल. लिहिणारा दोन्हीकडे एकच शिफ्ट वापरत असेल तर हा पुरावा पुसला जातो, म्हणून तपासताना हाताची सवयही ध्यानात घ्यावी लागते.

बिघाड इतका व्याकरणशुद्ध दिसतो, कारण मांडणीच वर्णमालेच्या तर्काने केलेली आहे. आणि तिचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्रज्ञान उभं राहिलं. त्या कामात मोहन तांबे अग्रभागी होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि जिस्टचं काम इथे वाढलं. जगाला सी-डॅक ठाऊक झाली ती १९९१च्या परम ८००० या महासंगणकामुळे. मला मात्र त्याच वर्षीचं दुसरं काम तितकंच मोठं वाटतं. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतपद्धतीचं मानक प्रसिद्ध केलं आणि त्यात इन्स्क्रिप्टची मांडणी आहे. इंग्रजी के च्या बटणावर मराठीत क, गुजरातीत क, बंगालीत क, तमिळमध्येही क. लिपी बदलली तरी बोट हलवावं लागत नाही.

बटणाला स्वतःला मात्र क ठाऊक नसतो. कीबोर्डला कुठलीच भाषा येत नाही. के चं बटण दाबलं की यूएसबी कीबोर्ड संगणकाला एक आकडा पाठवतो: १४. मराठी लिहा, इंग्रजी लिहा, आकडा तोच. त्याचा क करायचा की के, हे संगणकातली प्रणाली ठरवते. शिफ्टची तर आणखी मजा आहे. साध्या यूएसबी कीबोर्डचा प्रत्येक निरोप ८ बाइटचा असतो. त्यातल्या पहिल्या बाइटमध्ये डावी-उजवी शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट अशा ८ बटणांसाठी एकेक बिट राखून ठेवलेला असतो. डाव्या शिफ्टचा बिट वेगळा, उजवीचा वेगळा. घर आणि गर यांच्यातला फरक तारेतून जाताना त्या एका बिटाएवढाच असतो.

यावरून तपासणीचा पहिला प्रश्न ठरतो: चूक आकडा पाठवण्यात आहे की आकड्याचं अक्षर करण्यात? विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि खरी बटणं दाबत जा. दाबलेलं बटण पडद्यावर उजळतं. शिफ्ट दाबूनही ती उजळली नाही, तर आकडा पोचलेलाच नाही. बटणं बरोबर उजळतात पण अक्षरं भलतीच येतात, तर मांडणी बदललेली असते. नकळत ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की हे होऊ शकतं. दुसरा कीबोर्ड लावून पाहणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय. तोही तसाच वागला, तर दोष पहिल्याच्या माथी मारायचं कारण नाही.

इथे एक चकवा आहे. शिफ्ट नीट लागत नाही म्हणून माणूस ती वैतागून पटापट दाबतो. विंडोजमध्ये शिफ्ट ओळीने ५ वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू करायची विचारणा होते. उजवी शिफ्ट ८ सेकंद धरून ठेवली की फिल्टर कीजची. घाईत त्यावर होकार दाबला गेला, तर फिल्टर कीज झटकन दाबलेली अक्षरं गाळायला लागते. या सोयी ज्यांची बोटं थरथरतात किंवा ज्यांना दोन बटणं एकत्र दाबता येत नाहीत अशांसाठी आहेत आणि त्यांच्यासाठी मोलाच्या आहेत. पण मूळचा बिघाड एक आणि त्यावर हा दुसरा थर चढला, की ‘कधीही काहीही’ होतंय असं वाटणारच. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्या दोन्ही बंद आहेत ना, हे आधी पाहावं.

आता बटणांच्या खाली जाऊ. मोठ्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात, पण १०४ तारा नसतात. आडव्या ८ आणि उभ्या १६ रेषा काढल्या तर १२८ ठिकाणी त्या एकमेकींना ओलांडतात. तेवढ्यात सगळी बटणं मावतात. बालगंधर्व रंगमंदिरात रांग आणि खुर्चीचा क्रमांक सांगितला की जागा सापडते, तसंच इथे आडवी आणि उभी रेषा कळली की बटण सापडतं. कीबोर्डमधली चिप एकेका रेषेवर क्रमाने विद्युत संकेत सोडते आणि तो पलीकडे कुठल्या रेषेत उमटतो ते पाहते. सगळ्या रेषांची ही फेरी ती सेकंदाला शेकडो वेळा पुरी करते. तुम्ही एक शब्द लिहून विचार करत थांबलेले असता, तेव्हाही तिचं चाललेलंच असतं.

या जाळीमुळे बिघाडांना आकार येतो. एखादी रेषा तुटली की तिच्यावरची तुटीपलीकडची सगळी बटणं एकदम मरतात, जरी कीबोर्डवर ती एकमेकांपासून लांब दिसत असली तरी. जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकत्र दाबले गेले की चौथा कोपराही दाबल्यासारखा भासतो. चिपला हे माहीत असतं, त्यामुळे अशा वेळी ती संशयास्पद अक्षर टाकूनच देते. वेगाने लिहिताना बोटं एकमेकांवर चढली आणि एखादं अक्षर गळालं, तर तो बिघाड नसून त्या कीबोर्डची मूळ मर्यादा असू शकते. ‘मराठी’चं ‘ममराठी’ होतं त्याचं कारण आणखी वेगळं. बटणाखालचा संपर्क एका फटक्यात जुळत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो. ती थरथर ओसरेपर्यंत चिप दम धरते. संपर्क झिजला की थरथर लांबते आणि एकच दाब दोनदा मोजला जातो.

जुना साधा कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढले, की आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पारदर्शक कागद निघतात. वरच्या आणि खालच्या कागदावर करड्या-रुपेरी शाईच्या रेषा छापलेल्या असतात. मधल्यावर रेषा नसतात, फक्त प्रत्येक बटणाखाली एक गोल भोक. बटण दाबलं की रबराची टोपी चेपते, वरचा कागद भोकातून खाली टेकतो, दोन रेषा भेटतात. एवढंच. त्या शाईत बहुधा खरी चांदी असते, बारीक भुकटीच्या रूपात. आणि चहा सांडलेला असेल, तर कागदांच्या फटीत तांबूस, चिकट डाग दिसतो. उजेडासमोर धरला की डागाच्या कडेने रेषा काळवंडलेली, एखाद्या ठिकाणी केसाएवढी तुटलेलीही सापडते.

माझं सगळ्यात जास्त कुतूहल या चांदीबद्दल आहे. दोन शेजारच्या रेषांमध्ये विजेचा थोडासा दाब आहे आणि त्यांच्यामध्ये ओलाव्याचा पातळ पापुद्रा बसला, की चांदी चालू लागते. एका रेषेवरचे चांदीचे अणू विद्युतभार घेऊन त्या ओलीत उतरतात, दुसऱ्या रेषेपाशी जाऊन पुन्हा धातू होतात आणि तिथून फांद्या फुटलेल्या झुडपासारखे मागे वाढत येतात. फांदी समोरच्या रेषेला टेकली की न दाबलेलं बटण दाबल्यासारखं होतं. ती इतकी नाजूक असते की थोड्याशा विजेने जळून तुटते, मग सगळं सुरळीत, मग पुन्हा वाढते. आषाढ-श्रावणात पुण्यात कित्येक दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत. त्या हवेत चहाच्या साखरेचा जुना डाग पुन्हा ओल धरतो. सकाळी बिघडलेला कीबोर्ड दुपारी लॅपटॉप तापल्यावर शहाण्यासारखा वागतो, त्यामागे हे कारण असू शकतं. याउलट, रेषेला बारीक तडा गेला असेल तर गार असताना चालणारं बटण तापल्यावर बंद पडू शकतं. म्हणून बिघाड कोणत्या वेळी होतो, याची नोंद ठेवण्यासारखी असते.

आकडा पोचला नाही तर मराठी लिहिणाऱ्याला एक खूण फुकट मिळते, इंग्रजी लिहिणाऱ्याला ती नाही. ‘काम’ लिहिताना क गळाला तर नुसता काना उरतो. त्याला धरायला व्यंजन नाही म्हटल्यावर संगणक तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढून त्याला काना जोडतो. ते वर्तुळ दिसलं की बहुधा त्याच्या आधीचं व्यंजन हरवलंय, असं समजावं. आणि हलन्ताचं बटण गेलं तर जोडाक्षरं सुटी होतात: ‘महाराष्ट्र’चं ‘महाराषटर’, ‘पुण्यातल्या’चं ‘पुणयातलया’. इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त इंग्रजी डी वर आहे. इंग्रजीत डी हे एक साधं अक्षर. मराठीत बहुतेक जोडाक्षरांना ते दाबावं लागतं, ‘राष्ट्र’ला तर दोनदाही. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर डी वर किती भार पडत असेल, याचा यावरून अंदाज करावा.

लॅपटॉपच्या बाबतीत एक गोष्ट तातडीची आहे. मधलीच काही बटणं वर उचललेली वाटतात, टचपॅड दाबला जात नाही, झाकण नीट बसत नाही, असं असेल तर कीबोर्ड तपासत बसू नये. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच बंद करावा, चार्जर काढावा, दाबून सपाट करायला जाऊ नये आणि जाणत्या माणसाकडे न्यावा. बिनतारी कीबोर्ड अक्षरं गाळत असेल, तर त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३ वर चालणाऱ्या हार्ड डिस्कच्या शेजारून काढून लांबच्या पोर्टला लावून पाहावा. त्या जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि असे बरेच कीबोर्ड तिथेच बोलतात.

बाकी सगळं पाहून झालं आणि दोष कीबोर्डमध्येच निघाला, तर अप्पा बळवंत चौकाजवळच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी एक काम करावं. गळणारी, दुप्पट होणारी, आपोआप उमटणारी अक्षरं इंग्रजी बटणांच्या नावांनी कागदावर लिहून काढावीत, सोबत वेळ आणि हवा. एकच बटण असेल तर खालची रबराची टोपी किंवा संपर्क पुसून काम भागू शकतं. चार-पाच बटणं एकदम गेली असतील तर ती एका रेषेवरची असण्याची शक्यता मोठी. मग मल्टिमीटर घेऊन ती रेषा कुठे तुटली ते शोधता येतं आणि चांदीच्या वाहक रंगाचा एक ठिपका देऊन सांधताही येते. प्रत्येक मॉडेलची जाळी वेगळी असल्यामुळे कोणती अक्षरं जोडीने जातात हेही वेगळं असतं. ती यादी हातात पडल्यावर दुरुस्ती करणाऱ्याला कागद उलगडण्याआधीच कळतं, की आधी रेषा तपासायची, सगळे कागद जिथे चिपला टेकतात ते टोक पाहायचं, की सरळ डाव्या शिफ्टखाली डोकवायचं.