मध्ययुगीन इंग्रजी शब्दांचा पूर्वाभ्यास
मध्ययुगीन इंग्रजी साहित्याच्या मूळ संहिता वाचण्यापूर्वी त्यांतील अपरिचित शब्दांचा परिचय करून घेण्याची अध्ययनपद्धती. मध्ययुगीन इंग्रजीचा काळ स्थूलमानाने ११०० ते १५०० असा मानतात. त्यापूर्वीची प्राचीन इंग्रजी ही आधुनिक वाचकास जवळजवळ परभाषाच होय. तिचा अभ्यास व्याकरण आणि शब्दसंग्रह यांपासूनच सुरू करावा लागतो. मध्ययुगीन इंग्रजीचे तसे नाही. चॉसरची (सु. १३४३–१४००) एखादी ओळ वाचताच निम्मेअधिक शब्द ओळखीचे वाटतात आणि खरी अडचण येथेच उद्‌भवते.

अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो व कोश उघडावयास लावतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र त्याला बेमालूमपणे चुकीच्या अर्थाकडे नेतो. उदा., ‘नाइस’ हा शब्द त्या काळी मूर्ख वा खुळचट या अर्थी योजला जाई. आजच्या ‘सिली’चे पूर्वरूप ‘सेली’ म्हणजे पुण्यवान, निष्पाप किंवा बापुडा. ‘सॅड’ म्हणजे स्थिरचित्त, गंभीर. ‘मेटे’ या शब्दाने मांसाचा नव्हे, तर कोणत्याही अन्नाचा बोध होई. ‘स्टर्व्हन’ म्हणजे मरणे. ते उपासमारीनेच असे नव्हे. ‘वूड’ हा शब्द लाकूड वा रान यांप्रमाणेच ‘वेडा’ या अर्थीही येतो. ‘ल्यूड’ म्हणजे अशिक्षित किंवा धर्मदीक्षा न घेतलेला. आजची अश्लीलतेची छटा त्यात पाहिल्यास चॉसरच्या पात्रांवर अन्यायच होतो. म्हणून पूर्वाभ्यासाच्या यादीत अशा फसव्या शब्दांना अग्रस्थान देणे इष्ट ठरते.

त्यांखालोखाल महत्त्व सर्वनामे, अव्यये इ. लहान शब्दांचे. ‘हेम’ (त्यांना), ‘ईक’ (सुद्धा), ‘बट इफ’ (जर … नाही तर) हे शब्द वारंवार येतात व वाक्याचा सांधा त्यांवरच अवलंबून असतो. केनेथ सिसम याने संपादिलेल्या चौदाव्या शतकातील वेच्यांसाठी (१९२१) जे. आर्. आर्. टॉल्किन याने तयार केलेल्या शब्दसंग्रहात (१९२२) दुर्मिळ शब्दांपेक्षा अशा नित्याच्या शब्दांचे व त्यांच्या वाक्प्रयोगांचे विवरण अधिक विस्ताराने केलेले आहे, हे लक्षणीय होय.

१०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला. शिवाय प्रादेशिक बोलीही परस्परांहून दूर होत्या. विल्यम कॅक्स्टन याने १४९० मध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत याचा मासला दिला आहे. वाऱ्याअभावी किनाऱ्यावर उतरलेल्या एका व्यापाऱ्याने ‘एग्ज’ मागितली, तेव्हा आपल्याला फ्रेंच येत नाही, असे उत्तर घरधनिणीने दिले. दुसऱ्या एकाने ‘आयरेन’ म्हटल्यावर तिला उमगले. दोन्ही शब्द इंग्रजीच, अर्थ अंडी! त्यामुळे लंडनच्या बोलीत लिहिणाऱ्या चॉसरसाठी केलेली यादी सर गॉवेन अँड द ग्रीन नाइट या वायव्य मिडलंड्सच्या बोलीतील काव्यास फारशी पुरी पडत नाही. ज्या कृतीचे वाचन करावयाचे, तिच्याच शब्दसूचीवरून यादी करणे त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते. कठीण शब्दांची सूची जोडण्याची प्रथा जुनीच असून टॉमस स्पेटच्या चॉसर-आवृत्तीत (१५९८) ती आढळते.

याद्या पाठ करण्याला मर्यादाही आहेत. संदर्भाविना पाठ केलेला शब्द लवकर विसरतो आणि एका शब्दास एकच अर्थ चिकटवण्याची सवय जडते. ‘कोराज’ हा शब्द हृदय, मन, इच्छा, धैर्य असे नाना अर्थ धारण करतो. त्यांपैकी नेमका कोणता, हे ओळच सांगते. शिवाय शुद्धलेखन स्थिर नसल्याने एकच शब्द अनेक रूपांत भेटतो. अशा वेळी तो मोठ्याने उच्चारून पाहिल्यास पुष्कळदा ओळख पटते. संशयस्थळी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश (१९५२–२००१) प्रमाण मानला जातो. त्यात अर्थांबरोबर कालानुक्रमे अवतरणेही दिलेली आहेत.