ऊतीसंवर्धन : प्रयोगशाळेतून केळीच्या बागेत

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील पापनाशम (जि. तंजावूर) आणि तापीकाठचे रावेर (जि. जळगाव) यांच्यात अंतर मोठे असले, तरी तेथील केळी उत्पादकांची एक अडचण समान आहे. खाण्याच्या केळीत बी धरत नाही. म्हणून लागवड पूर्वापार मुनव्यांपासून होत आली. मातृबागेत रोग असेल, तर मुनव्याबरोबर तोही नव्या शेतात येतो. पर्णगुच्छ हा विषाणुजन्य रोग असाच पसरतो. ऊतीसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, हा या अडचणीवरील उपाय वनस्पतींच्या मूलभूत संशोधनातून हाती आला.

शास्त्रीय आधार

वनस्पतीच्या एका पेशीपासून संपूर्ण वनस्पती घडू शकेल, ही कल्पना गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. ऑक्झिन व सायटोकायनिन या संजीवकांच्या परस्पर प्रमाणावर मुळे फुटणार की कोंब, हे ठरते, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवरील प्रयोगांतून दाखविले. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांचे पोषक माध्यम उपलब्ध झाले. भारतातही या विषयाची भक्कम परंपरा आहे. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीश माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांपासून अगुणित भ्रूण मिळविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी प्रयोगशाळेतच बांबूला फुले आणल्याचे संशोधन १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

केळीमध्ये कंदाच्या शेंड्याचा वाढता भाग घेऊन त्यापासून निर्जंतुक माध्यमात असंख्य कोंब मिळवितात. मात्र बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर पुरेसा तयार होत नाही व पर्णरंध्रेही नीट मिटत नाहीत. असे रोप थेट शेतात लावल्यास कोमेजते. म्हणून हरितगृह व शेडनेटमध्ये त्याला टप्प्याटप्प्याने बाहेरच्या हवेची सवय लावतात. यालाच हार्डनिंग म्हणतात.

प्रमाणीकरणाची गरज

ऊतीसंवर्धित रोप आपोआप विषाणुमुक्त नसते. मूळ कंद बाधित असेल, तर तीच बाधा त्यापासून तयार होणाऱ्या हजारो रोपांत उतरू शकते. गुणनाचा वेग हे या तंत्राचे बळ आहे, तसाच तो धोकाही आहे. शिवाय विषाणू डोळ्यांना दिसत नाही. विक्रेत्याला गुणवत्तेची माहिती असू शकते, खरेदीदाराला ती नसते. अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. अशा बाजारात उत्तम व निकृष्ट रोप एकाच भावाने विकले जाते आणि काळजी घेणाऱ्या उत्पादकाचेच नुकसान होते. हे टाळण्यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागामार्फत २००६ मध्ये ऊतीसंवर्धित रोपांची राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू झाली. तीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळांमध्ये रोपांची विषाणुमुक्तता व आनुवंशिक एकरूपता तपासली जाते.

प्रमाणित रोपालाही शेतात मावा किडीमार्फत लागण होऊ शकते. एका बागेतील दुर्लक्षित झाड शेजारच्या बागांनाही धोक्यात आणते. हा खर्च दुर्लक्ष करणाऱ्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून बाधित झाडे उपटून नष्ट करणे हे संपूर्ण गावाचे काम ठरते.

तात्पर्य, प्रयोगशाळा निरोगी रोप देऊ शकते. पण त्याची खात्री देणारी व्यवस्था आणि शेतकऱ्यांची सामूहिक शिस्त यांवाचून संशोधनाचा लाभ लहान शेतकऱ्याच्या पदरात पडणार नाही.