मूल्यलक्ष्यी फंड : स्वस्त समभागांची पारख

समभागाची किंमत बाजारात रोज बदलते. कंपनीचे खरे मूल्य मात्र रोज बदलत नाही. या दोहोंतील अंतराचा लाभ घेणे म्हणजे मूल्याधिष्ठित गुंतवणूक. कोलंबिया विद्यापीठातील बेंजामिन ग्रॅहम व डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये ग्रंथरूपाने या विचाराची मांडणी केली. कंपनीची मालमत्ता, कर्ज व उत्पन्न तपासून मूल्य अजमावावे आणि समभाग त्याहून बऱ्याच कमी किमतीस मिळाला तरच घ्यावा, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी हानी मर्यादित राहते.

हे सूत्र सोपे वाटते. परंतु ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफे यांनाही ते एकदा महागात पडले. बर्कशायर हॅथवे ही तेव्हा अमेरिकेतील कापडगिरण्यांची कंपनी होती. डिसेंबर १९६२ मध्ये बफे यांनी तिचे समभाग ७.५० डॉलरने घेतले, तेव्हा तिचे खेळते भांडवलच प्रतिसमभाग १०.२५ डॉलर होते. हिशेब चोख होता, पण धंदा उतरणीस लागलेला होता. गिरण्यांत ओतलेल्या पैशाला पुरेसा परतावा मिळेना. अखेर १९८५ मध्ये कापडव्यवसाय बंद करावा लागला. कंपनी मोठी झाली ती विमा व अन्य उद्योगांमुळे.

अशा समभागांना ‘व्हॅल्यू ट्रॅप’ म्हणतात. ते ओळखून टाळणे हेच मूल्यलक्ष्यी फंडाच्या व्यवस्थापकाचे खरे काम. सेबीने २०१७ मध्ये योजनांचे वर्गीकरण करताना ‘व्हॅल्यू फंड’ हा प्रकार निश्चित केला. पण कोणता समभाग स्वस्त, हे नियमाने ठरत नाही. (नक्त मालमत्ता मूल्य १० रुपये असलेला फंड ‘स्वस्त’ असतो, ही समजूत मात्र निखालस चुकीची आहे. त्या आकड्याचा या विचाराशी काहीही संबंध नाही.)

निवड अचूक असली तरी बाजाराने ती मान्य करण्यास वर्षे लागू शकतात. १९९९ मध्ये अमेरिकेचा एसअँडपी ५०० निर्देशांक लाभांशासह २१ टक्के वाढला, तर बर्कशायरचा समभाग सुमारे २० टक्के घसरला. बफे यांचा काळ संपला, अशी टीका झाली. मार्च २००० नंतर तंत्रज्ञान समभागांचा फुगा फुटला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत नॅसडॅक निर्देशांकाने तीनचतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावले.

त्यामुळे पाल्याच्या पुढील वर्षीच्या शुल्कासाठी राखलेली रक्कम अशा फंडात गुंतवू नये. तिच्यासाठी मुदत ठेवच योग्य.