‘बरोबर सोयीचं ऐकू येतं यांना!’

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल, तर हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच. सून स्वयंपाकघरातून तीनदा जेवायला हाक मारते, सासरे पेपरातून मान वर करत नाहीत. मुलगा बाहेरून येतो, समोर उभा राहून एकदाच म्हणतो, “अण्णा, चला जेवायला,” आणि ते लगेच उठतात. सुनेला वाटतं, आपल्यालाच ऐकलं न ऐकल्यासारखं करतात. तिचं वाईट वाटून घेणं साहजिक आहे. अण्णांनाही तिचा चढलेला आवाज तेवढा कळतो, आधीच्या तीन हाका कळलेल्याच नसतात. त्यांच्या दृष्टीने ती एकदाच बोलली, आणि तीही रागावून.

या भांडणात कोणाचाच दोष नाही, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. म्हातारपणी कान कसे जातात हे आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून शरीरातला बदल आपण माणसाच्या स्वभावावर ढकलतो.

कानाच्या आतल्या भागात शंखाच्या आकाराची एक इवलीशी नळी असते, सुमारे अडीच वेढ्यांची. तिच्यात सूक्ष्म तंतूंचे झुपके असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि जसजसं आत टोकाकडे जावं तसतसे खालच्या पट्टीचे. माणसात ही पेशी एकदा मेली की पुन्हा तयार होत नाही. वयाबरोबर आधी झिजतात त्या तोंडाशी असलेल्या पेशी. त्यामुळे ऐकणं सगळ्या पट्ट्यांत सारखं कमी होत नाही, ते वरून उतरत जातं. पावसाळ्यातल्या रातकिड्यांची किरकिर जाते, चिमणीची चिवचिव जाते, डिजिटल थर्मामीटरची शिट्टी जाते. रातकिडे ऐकू येईनासे झाले म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही, त्यामुळे सुरुवात बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता स्वयंपाकघरातली ती हाक पाहा. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळात वरच्या पट्टीतला. त्यात ती पाठमोरी उभी, मध्ये भिंत, मिक्सर चालू, डोक्यावर पंखा. मुलाचा आवाज खालच्या पट्टीतला, तो समोर उभा, त्याचे ओठ दिसताहेत. अण्णांनी निवड केलेली नाही. त्यांच्या कानाच्या पेशींनी ती आधीच करून ठेवली आहे. नातवंडाचं बोबडं बोलणं आजोबांना कळत नाही आणि ते नुसतेच हसतात, त्याचंही कारण हेच.

“ऐकू येतं रे, पण कळत नाही,” असं म्हातारी माणसं म्हणतात. ही तक्रार अगदी अचूक आहे. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आणि आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीत चांगले ऐकू येतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर असतो. त्यातली स, श, फ, थ, ख ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि हलक्या आवाजाची. साठ, पाठ, काठ, ताठ यांतलं पहिलं व्यंजन पुसलं गेलं की चारही शब्द एकच. संदर्भावरून मेंदू गाळलेल्या जागा भरत राहतो. सकाळी ते जमतं, दिवसभर पाहुणे असले की संध्याकाळपर्यंत माणूस थकून जातो आणि लवकर खोलीत निघून जातो. बाकीचे म्हणतात, “त्यांना हल्ली माणसं नकोशी झालीत.”

मग आपण ओरडतो. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी होत नाहीत, वर तोंड वाकडं झाल्याने ओठही वाचता येत नाहीत. शिवाय झिजलेल्या कानाची आणखी एक खोड असते. हळू आवाज त्याला ऐकूच येत नाही, पण ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज एकदम कर्कश लागतो. म्हणून “जरा मोठ्याने बोल”च्या पाठोपाठ “ओरडतोस कशाला?” येतं. यात चिडखोरपणा नाही. ऐकू येणं आणि टोचणं यांच्यातली जागाच अरुंद झालेली असते.

करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आला, तेव्हा कित्येक ज्येष्ठांना पहिल्यांदा उमगलं की आपण इतकी वर्षं कानांइतकंच डोळ्यांनी ऐकत होतो.

डोळे अधू झालेल्या माणसाचा हात आपण न सांगता धरतो. कमी ऐकू येणाऱ्याला मात्र हसतो. चुकीचं ऐकून चुकीचं उत्तर देणारा बहिरा हे आपल्या फार्सचं हमखास गिऱ्हाईक. त्या हसण्याची भीती माणसाच्या मनात खोल बसलेली असते. म्हणून तो अंदाजाने मान डोलवायला शिकतो, सगळे हसले की आपणही हसतो. लग्नाच्या पंगतीत, वाढदिवसाच्या गर्दीत तो कडेची खुर्ची शोधतो. टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून कुरबुर होते. हळूहळू संशय येतो की ही दोघं हळू बोलताहेत म्हणजे माझ्याविषयीच बोलत असणार. आयुष्यभर घराचे निर्णय घेतलेल्या माणसाला निर्णय झाल्यावर बातमी कळायला लागते.

त्याला सर्वांत जास्त लागतं ते एक साधं वाक्य. सगळे कशावर तरी हसतात, तो विचारतो, “काय झालं?”, आणि उत्तर येतं, “काही नाही, जाऊ दे.” बोलणाऱ्याला खरंच ती गोष्ट क्षुल्लक वाटलेली असते. पण घरातलं नातं क्षुल्लक बोलण्यावरच चालतं. औषधाची वेळ आणि बँकेची सही एवढंच मोठ्याने सांगितलं जाऊ लागलं, की माणूस त्या घरात फक्त राहतो. म्हणून दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदाही सांगा. मात्र तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा. “साठे आलेत” कळलं नाही, तर “खालच्या मजल्यावरचे काका आलेत” कळेल. आधी नावाने हाक मारा, मान वळली की मग बोला. आपल्या चेहऱ्यावर उजेड हवा, खिडकीकडे पाठ करून बोलू नये. टीव्ही बंद करून सावकाश, नेहमीपेक्षा किंचितच मोठ्याने बोललं, तर अर्धं काम होतं.

उरलेलं अर्धं तपासणीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या व्यवहारात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं, कारण कधी कधी कानात फक्त मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर निम्मी तक्रार जाते. तो घरी हेअरपिनने कोरू नये, कोमट तेल ओतत बसू नये. जुनी दुखणी डॉक्टरांना सांगावीत. तरुणपणी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतलेली असतील, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवर किंवा गिरणीच्या साचेखात्यात उमेदीची वर्षं गेली असतील, मधुमेह असेल, तर कानाची झीज नुसत्या वयाची नसते. आणि एका कानाचं ऐकणं रात्रीतून किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं, तर ती तातडीची बाब आहे. सर्दी समजून थांबू नये, लगेच उपचार मिळाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता बरीच असते.

त्यानंतर ऑडिओग्राम. कोणत्या पट्टीचा आवाज किती डेसिबलला ऐकू येतो याचा हा आलेख हातात नसताना दुकानातून कानाचं मशीन घेऊ नये. मशीन बसवणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला आहे ना, हे विचारायला संकोच कशाला? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे.

‘मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल’ अशी भीती घालून हल्ली यंत्रं विकली जातात. त्याबद्दल नीट माहिती असावी. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला आहे, हे खरं. पण २०२३ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. तीन वर्षांनंतर यंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत एकंदरीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासूनच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र यंत्रामुळे बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माझं म्हणणं असं, की यंत्र भीतीपोटी घेऊच नये. ते नातवाशी बोलण्यासाठी घ्यावं, तेवढं कारण पुरेसं आहे.

चष्मा घातला की लगेच दिसतं, कानाच्या मशीनचं तसं नसतं. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज एकदम अंगावर येतात. भांडी आपटतात, वर्तमानपत्राचं पान खडखडतं, स्वतःचा आवाज परका वाटतो. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात घरात, एका माणसाशी, तास-दोन तास, मग हळूहळू बाहेर. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा मशीन लावून गेलेली व्यक्ती ते काढून खिशात घालते आणि पुन्हा लावत नाही. पहिल्या दिवसांत बहुतेक मशीनं हरतात ती इथेच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा त्यांची शत्रू. रात्री बॅटरीचं झाकण उघडून ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावं. बटणाएवढ्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाताला लागू देऊ नयेत, गिळल्या तर जिवावर बेततं.

पैशांचा प्रश्न खराच आहे. किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत जातात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, २०१७ पासून, गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळतं, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये जमा होतात. पण शिबिरात यंत्र हातात पडलं म्हणजे काम झालं, ही समजूत घातक आहे. कोणता आवाज टोचतो, कोणाचं बोलणं अजून कळत नाही, हे सांगून यंत्र पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, दोनदा, कधी तीनदा. त्या भेटीला जिचं बोलणं सर्वांत कमी कळतं ती सून किंवा नात बरोबर असावी, आणि तिच्याच आवाजावर यंत्र तपासून घ्यावं. खेड्यातल्या म्हाताऱ्याला यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने हेलपाटे घालणं जमत नाही, म्हणून ते यंत्र ट्रंकेत जातं. शिबिर भरवणाऱ्यांनी यंत्र देतानाच पुढच्या दोन भेटींच्या तारखा कागदावर लिहून द्याव्यात, आणि त्या भेटी तालुक्याच्या गावीच ठेवाव्यात.