अंतर कशात मोजायचे? जत ते मिरज

सांगली जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगलेला असेल तर त्याच्या पूर्व टोकाकडे पाहावे. एक मोठा तुकडा तिकडे कर्नाटकात घुसल्यासारखा दिसतो. तो जत तालुका. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,५७२ चौ. कि.मी. आहे आणि त्यातले सुमारे सव्वादोन हजार, म्हणजे पाव हिश्शाहून अधिक, एकट्या जतचे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या मात्र सव्वातीन लाखांच्या जरा वर भरली. पश्चिमेकडच्या कृष्णा-वारणेच्या काठासारखी दाट वस्ती इथे नाही. पाऊस कमी, गावे लांब लांब, आणि गावापासून सुटलेल्या वाड्या-वस्त्या त्याहून लांब.

आता त्याच नकाशावर मिरज शोधू. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे इस्पितळ उभे केले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. हाडांचे, डोळ्यांचे, हृदयाचे, मेंदूचे, लहान मुलांचे असे सगळे तज्ज्ञ मिरज-सांगलीच्या पट्ट्यात मिळतात. जत गावापासून मिरज सुमारे ८० कि.मी. आहे. उमदीसारख्या पूर्वेच्या गावाला आधी जतपर्यंतच चाळीसहून अधिक कि.मी. यावे लागते.

अशा भागातले रुग्ण तज्ज्ञाकडे उशिरा पोचतात हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. त्याचे कारण विचारले की शिक्षकांच्या खोलीत बहुधा एकच उत्तर मिळते: लोक अडाणी आहेत, आधी देवऋषी करतात. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. कारण ते खरे असते तर इस्पितळाशेजारी राहणारे अडाणी लोकही तितकेच उशिरा पोचले असते. तसे होत नाही.

ही तुलना जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मनोरुग्णालयांच्या नोंदवह्या काढून कोणत्या भागातून किती रुग्ण येतात हे मोजले. रुग्णालयाजवळच्या भागातून लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ रुग्ण येत होते आणि लांब जावे तसे प्रमाण घटत होते. वेड काही रुग्णालय पाहून पसरत नाही. म्हणजे घटत होते ते पोचण्याचे प्रमाण, आजाराचे नव्हे. पुढे या निरीक्षणाला जार्व्हिसचा नियम असे नाव पडले आणि तो अनेक देशांत, अनेक आजारांबाबत पडताळला गेला.

पण मैलाचे दगड मोजून हा नियम नीट कळत नाही. अंतर दिवसात मोजावे लागते.

एखादी आई मुलाला घेऊन वस्तीवरून निघते. फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटीने किंवा वडापने जत, जतहून मिरज. केसपेपर सकाळीच निघतात. ती पोचते तेव्हा खिडकी बंद व्हायला आलेली असते. डॉक्टर तपासतात आणि रक्ताची किंवा सोनोग्राफीची चिठ्ठी देतात. रिपोर्ट उद्या. उद्यासाठी थांबायचे तर कोणाकडे? परतायचे तर उद्याचा दिवस पुन्हा पहाटे चारला सुरू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. त्याचा उपयोग निश्चित होतो, पण तिकीट हा खर्चाचा लहान भाग आहे. तिची मजुरी बुडते. सोबत नवरा आला तर त्याचीही बुडते. घरी शेळ्या-म्हशींना पाणी दाखवायला कोणी तरी मागे ठेवावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल झालेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा मोठा खर्च उचलला जातो. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली आणि तिने अनेक घरे कर्जातून वाचवली आहेत. पण शस्त्रक्रियेच्या आधीच्या फेऱ्या, बुडालेले रोज आणि चहा-भाकरीचा खर्च तिच्यात बसत नाही. बहुतेक कुटुंबे माघार घेतात ती शस्त्रक्रियेच्या दारात नव्हे, या आधीच्या फेऱ्यांतच, असे आम्हाला वाटते.

इथे आठवीच्या मुलांना जमेल असे एक गणित आहे. समजा, उपचाराचे पाच टप्पे आहेत: आजार लक्षात येणे, गावच्या डॉक्टरने तज्ज्ञाकडे पाठवणे, प्रत्यक्ष पोचणे, तपासण्या पुऱ्या होणे आणि उपचार शेवटपर्यंत घेणे. प्रत्येक टप्प्यावर शंभरातले ऐंशी जण पुढे सरकतात असे धरू. ऐंशी टक्के म्हणजे चांगलेच गुण! पण ०.८ चा पाचवा घात ०.३३ येतो. शंभरातले तेहतीसच शेवटी बरे होऊन घरी जातात. या पाचांपैकी कोणताही टप्पा 'अडाणीपणाने' कोसळलेला नाही, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळती आहे एवढेच. म्हणून एकच टप्पा शंभर टक्के केला तरी उत्तर ४१ च्या वर जात नाही. मुलांनी हे आकडे बदलून पाहावेत.

मग रुग्णालयेच जवळ का नकोत? सरकारी निकष असा: सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक सामुदायिक रुग्णालय, ज्याला आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणतात. जत तालुक्यात अशी रुग्णालये जतला आणि माडग्याळला आहेत. निकष माणसे मोजतो, जमीन मोजत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ३२९ माणसे राहत होती, जत तालुक्यात सुमारे १४५. म्हणजे १ लाख २० हजार माणसे गोळा व्हायला जिल्ह्याच्या सरासरीने ३६५ चौ. कि.मी. पुरतात, तर जतमध्ये सव्वाआठशे लागतात. हे क्षेत्र वर्तुळ मानले तर त्रिज्या पहिल्या ठिकाणी पावणेअकरा कि.मी. आणि दुसऱ्या ठिकाणी सोळा कि.मी.च्या वर येते. निकष अगदी काटेकोर पाळला तरी जतच्या कडेच्या माणसाला दीडपट चालावे लागणार, आणि तेही सरळ रेषेत! घनता निम्मी झाली की अंतर वर्गमूळ दोनच्या पटीत वाढते. हा भूमितीचा नियम आहे, त्यात कोणा अधिकाऱ्याचा दोष नाही. दोष असेल तर विरळ वस्तीसाठी वेगळा निकष न लावण्यात आहे. डोंगरी आणि आदिवासी भागांसाठी ही सूट आहे (तिथे २० हजार आणि ८० हजार असे आकडे आहेत). कोरड्या, विरळ पठारासाठी नाही.

शिवाय इमारत असली म्हणजे तज्ज्ञ असतोच असे नाही. अशा प्रत्येक रुग्णालयात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असे चौघे असावेत अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरात या तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. त्याची कारणे पगार आणि मुलांच्या शाळा एवढीच नसतात. भूलतज्ज्ञ नसेल, रक्त साठवण्याची सोय नसेल तर शल्यचिकित्सकाने तिथे बसून करायचे काय? तज्ज्ञ एकटा काम करत नाही.

आणि सगळेच तज्ज्ञ जतला असावेत असेही नाही. तालुक्यात वर्षाला साधारण पाच हजार जन्म धरू. जन्मजात हृदयदोष हजारी आठच्या आसपास असतो, म्हणजे चाळीस बाळे. त्यांतल्या साधारण चौथाईला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तशी प्रक्रिया लागते. वर्षाला दहा. दहा शस्त्रक्रियांवर कोणत्याही सर्जनचा हात तयार राहत नाही. बाळाचे हृदय उघडायचे असेल तर ते लांबच्या, पण रोज हेच काम करणाऱ्या ठिकाणी उघडलेले बरे.

तेव्हा 'तज्ज्ञ किती जवळ?' यापेक्षा 'या आजाराला किती वेळा आणि किती लवकर जावे लागते?' हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे मुख्यतः एका फेरीचे काम आहे. तिथे ८० कि.मी. सोसते. पक्षाघाताला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; तिथे पूर्वेच्या वस्तीवरून निघालेला माणूस, वाहन लगेच मिळाले तरच, वेळेत पोचतो. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाल्यापासून हे थोडे सुधारले आहे. पण सर्वांत दुर्लक्षित प्रकार तिसरा आहे: जिथे घाई नसते, पण फेऱ्या पुष्कळ असतात.

वाकड्या पावलांचे बाळ घ्या. याला क्लबफूट म्हणतात. हजार जन्मांमागे सुमारे एक, म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्यात वर्षाला पाच. इग्नासिओ पोन्सेटी या मूळच्या स्पेनच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात यावर जवळजवळ बिनशस्त्रक्रियेचा उपाय बसवला. नवजात बाळाचे सांधेबंध लवचीक असतात. पाऊल हलक्या हाताने थोडे सरळ करायचे, मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचे, आठवड्याने ते काढून आणखी थोडे सरळ करून पुन्हा घालायचे. पाच-सात प्लॅस्टरांत पाऊल जागेवर येते. बहुतेकांना शेवटी टाचेमागच्या घोटशिरेवर एक लहानसा छेद लागतो. त्यानंतर दोन बूट जोडलेली पट्टी, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि मग चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत. पट्टी सोडली तर पाऊल पुन्हा वळते. उपचार इतका साधा, इतका स्वस्त. आणि तरीही जतच्या आईला तो अवघड, कारण त्यात सात आठवडे सात फेऱ्या आहेत. बाळंतीण ती, बाळ अंगावर, आणि प्लॅस्टरचा वार ठरलेला. इथे सर्जन जवळ आणण्याची गरज नाही. प्लॅस्टर घालायला शिकलेला माणूस जतला आठवड्यातून एक दिवस बसला तरी पाच मुले चालू लागतात.

दुसरे उदाहरण ऱ्हुमॅटिक तापाचे. घसा दुखून गेल्यावर सांधे सुजतात, आणि काही मुलांत हृदयाच्या झडपा बिघडतात. निदान तज्ज्ञ करतो. पण झडप वाचवते ते दर तीन-चार आठवड्यांनी, बहुधा एकविशी उलटेपर्यंत घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते. त्यासाठी मिरजेला जावे लागत असेल तर दोन-तीन महिन्यांत ते सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तज्ज्ञाचे ज्ञान तज्ज्ञाशिवायही गावात पोचू शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० नंतरच्या दशकात लाल विंचवाने दंश झालेल्यांच्या बिछान्याशी रात्री बसून नोंदी केल्या. विषामुळे हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग केला. पूर्वी शेकडा तीसच्या वर असलेले मृत्यू पुढे शेकडा चारच्या आत आले. अतिदक्षता विभाग महाडला आला नाही, गोळी आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जतच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. एक, सीमा. उमदीकडच्या लोकांना मिरजेपेक्षा विजयपूर जवळ आहे आणि तिथे मोठी इस्पितळे आहेत. पण एसटीची महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, आणि कर्नाटकाने जून २०२३ पासून सुरू केलेला मोफत प्रवास कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. शरीर जवळच्या दवाखान्याकडे ओढते, कागद लांबच्या.

दुसरी, भाषा. पूर्वेच्या गावांत घरची भाषा कन्नड आहे. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही तालुक्यात आहेत. दुखणे छातीत 'दडपते' की 'टोचते' की 'जळते' यावरून डॉक्टर निदानाची वाट धरतात. आईला हे शब्द मराठीत येत नसतील तर ती नुसते 'दुखते' म्हणते. केसपेपरवरही मग तेवढेच उमटते.

शाळेचा संबंध इथे फार जवळचा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते आणि गरज पडल्यास पुढे पाठवते. पण पथक एक दिवस असते, शिक्षक वर्षभर. फळा वाचताना एक डोळा झाकणारे मूल, खेळताना ओठ निळे पडणारे मूल, हाक मारल्यावर एकाच बाजूने वळणारे मूल शिक्षकालाच आधी दिसते. तिरळेपणामुळे आळशी झालेल्या डोळ्यावर चांगला डोळा झाकून करायचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणजे दुसरी-तिसरीपर्यंत. पाचवीत लक्षात आले तर पुष्कळ उशीर झालेला असतो.

पाठवण्याची चिठ्ठी देताना एक चौकशी जरूर करावी: घर ऊसतोडीला जाते का? या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा कर्नाटकात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. डॉक्टरांनी 'तीन महिन्यांनी दाखवा' असे सप्टेंबरात लिहिले तर ती तारीख डिसेंबरात, उसाच्या फडात येते. तेव्हा चिठ्ठीच्या मागच्या बाजूला गाव परतण्याचा महिना, मुक्कामी असलेल्या कारखान्याचे नाव आणि घरची भाषा या तीन गोष्टी शिक्षकांनी आपल्या अक्षरात लिहून द्याव्यात. कारखान्याजवळच्या दवाखान्यात तोच कागद चालतो, आणि तिथून मिरज पुष्कळदा जतपेक्षा जवळ असते.