कागद जिथे अडतो

नारळाची अर्धी करवंटी घ्या आणि तिच्यावर एक साधा ए-फोर कागद बसवून बघा. अट एकच, एकही चुणी पडता कामा नये. कितीही प्रयत्न केले तरी जमत नाही. आता तोच कागद लाटण्याभोवती गुंडाळा. काही कुरकूर न करता बसतो.

याचं कारण गणितात आहे. गॉसने १८२७ मध्ये दाखवून दिलं की एखादा पृष्ठभाग न ताणता, न फाडता कसाही वाकवला तरी त्याची एक विशिष्ट वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य, लाटण्याचीही शून्य. करवंटीची मात्र शून्य नाही. कागद वाकतो, दुमडतो, पण जवळजवळ ताणलाच जात नाही. म्हणून करवंटीपाशी तो अडतो.

निसर्गातल्या आकारांची कागदी मॉडेल्स करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हस्तकला येते: फुलं, पक्षी, मासे. छान दिसतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण संशोधनात कागदाचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी होतो, तो म्हणजे त्याचा हा हट्टीपणा. एखादं पान, पंख किंवा कळी कागदात हुबेहूब उघडली-मिटली, तर तो आकार निव्वळ घड्यांनी समजतो असं म्हणायला जागा मिळते. नाही जमलं, तर निसर्ग तिथे घडीपलीकडचं काहीतरी करतोय हे कळतं. पीएच.डी.च्या मुलाखतीला ‘बायो-इन्स्पायर्ड’ हा शब्द घेऊन जाणाऱ्यांनी या दुसऱ्या शक्यतेचा जास्त विचार करून जावं, कारण समोरून येणारा प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो: दिसायला सारखं आहे हे ठीक, पण त्यातून कळलं काय?

सगळ्यात सोपं उदाहरण पानाचं. युरोपातल्या हॉर्नबीम आणि बीच या झाडांच्या पानांना मधल्या शिरेपासून दोन्हीकडे सरळ, समांतर उपशिरा असतात आणि कळीत हे पान पंख्यासारखं चुण्या घालून बसलेलं असतं. आपल्याकडे साधारण तशी रचना बघायची तर करमळीचं पान बघा. कोबायाशी, क्रेस्लिंग आणि व्हिन्सेंट यांनी १९९८ मध्ये या प्रकारच्या पानांच्या उघडण्याची भूमिती मांडली. त्यासाठी पान म्हणजे जाडी नसलेल्या, कडक, सपाट तुकड्यांची घडी असं गृहीत धरलं. म्हणजे कागदच.

तुम्हीही करून बघा. कागद उभा मधोमध दुमडा, ही मधली शीर. दुमडलेल्या अवस्थेतच तिच्याशी साधारण ४५ अंशांच्या कोनात समांतर, एकसारख्या अंतरावर घड्या घाला, एक पुढे, एक मागे. मग कागद उलगडा. प्रत्येक घडीने मधल्या शिरेपाशी इंग्रजी व्ही तयार केलेला दिसेल, पण एका बाजूला ती घडी डोंगरासारखी वर आणि दुसऱ्या बाजूला दरीसारखी खाली आलेली असेल. एका बाजूच्या सगळ्या घड्या उलट्या करा, म्हणजे प्रत्येक व्ही पूर्ण डोंगर किंवा पूर्ण दरी होईल. मधली शीर आपोआप एक तुकडा डोंगर, एक तुकडा दरी अशी होत जाते. आता दोन्ही टोकांना धरून हळूच ताणा. लांबी आणि रुंदी एकदमच उघडते. पहिल्यांदा हातात आलं की माणूस तो कागद दहा-वीस वेळा उघड-मीट करतोच.

दुसरा कागद घेऊन तेच ७५-८० अंशांच्या कोनात करा. ही घडी जास्त आटोपशीर बसते. १९९८च्या त्या पेपरचा निष्कर्ष हाच होता: शिरांचा कोन मोठा असेल तर पान कळीत जास्त घट्ट मावतं, पण पूर्ण उघडायला त्याला जास्त वेळ लागतो. लहान जागेत मावणं हवं की लवकर ऊन मिळणं, असा हा सौदा आहे. मला हा पेपर आवडतो तो यासाठी. ‘पान सुंदर घडी घालतं’ इथे न थांबता त्यात एक कोन आहे आणि तो बदलला तर काय बदलेल याचं भाकीत आहे. कोन मोजता येतो, म्हणून भाकीत चुकूही शकतं.

हीच घडी पुढे अनेक वेळा जोडली की मिउरा-घडी तयार होते. जपानच्या कोर्यो मिउरा यांच्या नावाने ती ओळखली जाते, आणि १९९५ मध्ये सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिटवर ती वापरली गेली. लोकप्रिय लेखांत ‘पानावरून सुचलेली घडी’ असं सर्रास लिहिलेलं असतं. मिउरा मात्र पातळ पत्रा दोन दिशांनी दाबला की कसा वाकतो या प्रश्नावरून तिथे पोहोचले होते. पुढे २००५ मध्ये महादेवन आणि रिका यांनी दाखवलं की मऊ थरावर बसलेला पातळ, कडक थर दाबला गेला की अशी नागमोडी घडी आपसूक उमटू शकते, कोणी आखून द्यावी लागत नाही.

हा तपशील साधा वाटतो, पण प्रपोजल लिहिताना इथेच पाय घसरतो. पान आणि उपग्रहाचं पॅनेल यांत एकच नक्षी दिसली म्हणून उत्क्रांतीने ती ‘निवडली’ असं सिद्ध होत नाही. पातळ गोष्टी दाबल्यावर अशाच वागतात, एवढंही कारण पुरेसं असू शकतं. बिरुता क्रेस्लिंग यांच्या नावाची घडी तर अशीच सापडली. दोन सारख्या जाडीचे डबे मध्ये थोडी फट ठेवून एका रेषेत धरा, त्यांच्यावर कागदाची नळी घट्ट गुंडाळा आणि डबे विरुद्ध दिशांना पिळा. फटीवरच्या कागदावर तिरक्या घड्यांची एकसारखी रांग उमटते. ती आपण आखलेली नसते. धोतऱ्याची मिटलेली कळी शेजारी धरून बघा, पिळाचं साम्य लगेच दिसेल. पण साम्य दिसलं म्हणजे कारण मिळालं असं नाही. कळी वाढताना पिळली जाते, आपण तयार कागद पिळतोय.

आता कागद अडतो तिथे जाऊ.

सपाट मिटणाऱ्या घडीला एक साधा नियम आहे, त्याला कावासाकीचा नियम म्हणतात. एका बिंदूत मिळणाऱ्या घड्यांमधले कोन एक सोडून एक असे मिळवले तर बेरीज १८० अंश यायला हवी. आपल्या कागदी पानात दोन्ही उपशिरा समोरासमोर, सारख्या कोनात निघतात, म्हणून हा हिशोब न करताच जुळतो. झाडावरची पानं मात्र नीट निरखून बघा. बऱ्याच पानांत डावी आणि उजवी उपशीर एकाच जागी निघत नाही, थोडी मागेपुढे असते. मग प्रत्येक बिंदूत चारऐवजी तीनच घड्या येतात: सरळ मधली शीर आणि तिला येऊन थांबणारी एक उपशीर. कडक कागदात अशी घडी मिटतच नाही. करून बघा, शिरेजवळ कागद फुगतो किंवा चुरगळतो. खरं पान तर मिटलेलं असतं. म्हणजे मधल्या शिरेलगतचा भाग वाकतोय किंवा ताणला जातोय, आणि ‘कडक तुकडे’ हे गृहीतक तिथे सैल पडतंय.

याच जातीचा पेच इअरविगच्या पंखात निघाला. (इअरविग म्हणजे शेपटाला चिमटा असलेला तो छोटा कीटक. कानखजुरा नव्हे, कानखजुऱ्याला पंखच नसतात.) त्याचा मागचा पंख मिटला की उघड्या पंखाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी जागेत मावतो. फेबर, ॲरिएटा आणि स्टुडार्ट यांनी २०१८ मध्ये दाखवलं की कडक घड्यांच्या नेहमीच्या मॉडेलने या पंखाचं गणित सुटत नाही. उत्तर होतं घडीच्या जागी असलेल्या रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनात. सांधे नुसते वळत नाहीत, थोडे ताणलेही जातात, त्यामुळे पंख उघडा आणि मिटलेला अशा दोन्ही अवस्थांत स्थिर राहतो आणि मधे चटकन पलटतो. मग त्यांनी कडक आणि लवचीक प्लॅस्टिक एकत्र थ्रीडी प्रिंट करून तसे सांधे बनवले. घडीचं मॉडेल जिथे कमी पडलं, तिथूनच पेपरचा मुख्य मुद्दा निघाला.

कागद आणि न जुळणारा आकडा यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट लायनस पॉलिंगची. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला असताना सर्दीने अंथरुणात पडल्या-पडल्या त्याने कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि कागद दुमडायला सुरुवात केली. पेप्टाइड बंधाचा भाग सपाटच राहतो हे त्याला माहीत होतं, म्हणून घड्या फक्त त्यांच्यामधल्या कार्बनपाशी. दुमडत गेल्यावर जिना तयार झाला, ज्याच्या एका वेढ्यातले अणू पुढच्या वेढ्याशी हायड्रोजन बंधाने जोडले जात होते. तोच अल्फा हेलिक्स. पण एका वेढ्याची उंची सुमारे ५.४ अँगस्ट्रॉम येत होती, आणि केसांच्या क्ष-किरण चित्रांतून ५.१ दिसत होती. या फरकामुळे त्याने ते लगेच छापलं नाही. कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह १९५१ मध्ये छापलं. फरकाचं कोडं त्यानंतर सुटलं: केसात हे जिने एकमेकांभोवती पिळलेले असतात, त्यामुळे चित्रात उंची कमी दिसते. मॉडेल बरोबर होतं आणि ५.१ हा आकडाही.

हाताने करणाऱ्यांसाठी थोडं कागदाबद्दल. प्रिंटरचा ७०-८० जीएसएमचा कागद पानासाठी पुरतो, कार्डशीटवर घडी तडकते. कागदालाही लाकडासारखी दिशा असते, कारण बनवताना तंतू बरेचसे एका दिशेने बसतात. एका बाजूने फाडलं तर सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वाकडा. दोन मॉडेल्सची तुलना करायची असेल तर दोन्हींत ही दिशा सारखी ठेवा, नाहीतर कोनाचा परिणाम म्हणून जे नोंदवाल तो तंतूंचा निघेल. पावसाळ्यात दमट कागदावर मोजमापं घेऊ नयेत हेही त्यातच आलं. घडीचे कोन फोटो काढून इमेज-जेमध्ये मोजले तर कंपासपेटीतल्या कोनमापकापेक्षा बरे येतात, फक्त कॅमेरा कागदाला लंब धरायला हवा.

आणि एक प्रयोग, ज्याला पैसे लागत नाहीत. करमळीला किंवा तशाच शिरांच्या कुठल्याही झाडाला नवी पालवी फुटत असताना एकच पान निवडून त्याला दोरा बांधा. कळी उघडल्यापासून पान पूर्ण पसरेपर्यंत रोज ठरावीक वेळी फोटो काढा आणि त्याच तीन-चार उपशिरांचे मधल्या शिरेशी असलेले कोन मोजा. पान निव्वळ घडी उघडत असेल, तर घड्यांचा तिरपेपणा हिशोबात घेतल्यावर हे कोन पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहायला हवेत, कारण कागदावर आखलेला कोन बदलत नाही. ते बदलले, तर पान उघडता-उघडता एका दिशेने जास्त वाढतंय, आणि पुढचं मॉडेल कागदाऐवजी सायकलच्या ट्यूबच्या रबरातून कापायला लागेल.