पाकट माशाचें जेवण

मासळीबाजारांत पाकट मासा उताणा पडलेला दिसला म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें म्हणतात, "हा पाहा, हंसतो आहे!" पांढऱ्या पोटावरील दोन भोंकें त्यांस डोळ्यांसारखीं वाटतात व खालची फट तोंडासारखी. तोंडाविषयींचा तर्क खरा. पण तीं भोंकें नाकपुड्या होत. डोळे वरच्या बाजूस आहेत. अर्थात् तोंडाखालीं आलेला घांस ह्या प्राण्यास दिसत नाहीं. मग वाळूंत पुरलेल्या तिसऱ्या, खेकडे व किडे त्यास सांपडतात तरी कसे?

वासाची त्यास मदत होतेच. परंतु खरें नवल निराळें आहे. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या शरीरांतून भोंवतालच्या पाण्यांत अतिसूक्ष्म वीज पसरत असते. पाकटाच्या तोंडाभोंवतीं बारीक छिद्रें असून, तेथून दाट रसानें भरलेल्या नळ्या आंत जातात. लोरेंझिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें त्यांचें वर्णन १६७८ सालीं केलें. पुढें १९७१ सालीं कालमाइन ह्या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, मुशी व पाकट ह्यांच्या गोत्रांतील मासे वाळूखालचें भक्ष्य ह्या विजेवरून ओळखतात. त्यानें भक्ष्याऐवजीं विजेच्या तारांचीं टोकें पुरलीं, तरीही त्यांनीं तेथेंच झडप घातली!

जागा कळली कीं पाकट पंख फडफडवून व तोंडानें पाण्याचा झोत मारून वाळू उडवितो. खळगा पडतो. कित्येक जातींचे दांत पाट्यावरवंट्यासारखे सपाट असतात. त्यांखालीं शिंपा भरडून मांस गिळावयाचें व कवच थुंकावयाचें. शेपटीवरील विषारी कांटा ह्या कामीं येत नाहीं. तो केवळ संरक्षणाकरितां.

असल्या दांतांमुळेंच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, गाईच्या नाकासारखें तोंड असलेल्या एका पाकटावर बालंट आलें. २००७ सालीं एका शास्त्रीय निबंधांत लिहिलें गेलें कीं, मोठ्या मुशी मारल्या गेल्यामुळें हे मासे बेसुमार वाढले व त्यांनीं शिंपल्यांचा फडशा पाडला. चेसापीक उपसागरांतील कालवांचा नाशही लोक त्यांच्याच माथीं मारूं लागले. माशांस बाणांनीं मारण्याच्या स्पर्धा भरूं लागल्या, आणि त्याही पिल्लें होण्याच्या ऋतूंत! पाकटाची मादी वर्षास बहुधा एकच पिल्लूं देते.

आमच्या मतें आधीं माशाचें पोट तपासावयास हवें होतें. पोटें तपासलीं तेव्हां त्यांत कालवें फारच थोडीं निघालीं. २०१६ सालच्या फेरतपासणींत दिसून आलें कीं, कालवें पूर्वींच घटलीं होतीं. बेसुमार उपसा व रोग हीं त्याचीं कारणें होतीं. पुढल्याच वर्षीं मेरीलंड राज्यानें त्या स्पर्धा कायद्यानें थांबविल्या.